तक्रार-अर्ज शिकवणाऱ्यांची तक्रार

उत्तरपत्रिका तपासणीचे काम संपले त्या संध्याकाळी आम्ही चौघे सहकारी पुण्यातील एका बऱ्यापैकी महागड्या उपाहारगृहात जेवायला गेलो. दिवसभर ‘व्यावहारिक मराठी’च्या उत्तरपत्रिका तपासल्या होत्या आणि त्यातला एक प्रश्न तक्रार-अर्जाचा होता. हा तपशील पुढे लागणार आहे, म्हणून आधीच नोंदवून ठेवतो.

पाणी मागितल्यावर पंधरा मिनिटांनी न विचारता बाटलीबंद पाणी आले, म्हणजे बिलात धरले जाणारे. भरली वांगी मागवली होती; पाऊण तासाने पनीर आले. भाकरी गार होती. एकाचे जेवण उरकले तेव्हा दुसऱ्याचे ताट आले. हात धुऊन परततो तो बिल टेबलावर हजर, आणि त्यात दहा टक्के ‘सेवा शुल्क’. त्या दालनात नऊ टेबले होती आणि वाढायला दोन मुले.

आम्ही काय केले? पहिला पाऊण तास आपसांत विनोद केले. पुणेरी पाट्यांची उजळणी झाली, दुपारी एक ते चार बंद असणाऱ्या दुकानांचे किस्से झाले. मग आमच्यातल्या एकाचा आवाज चढला. ‘तुला मराठी कळतं की नाही? काय सांगितलं होतं?’ मुलगा गप्प. व्यवस्थापक आले. त्यांना मात्र आम्ही ‘तुम्ही जरा लक्ष द्या ना’ म्हणालो. रागातही आमची सर्वनामे चुकली नाहीत! व्यवस्थापकांनी आमच्यादेखत त्या मुलाला फैलावर घेतले, आमचे समाधान झाले, आणि सेवा शुल्कासकट बिल चुकते करून आम्ही बाहेर पडलो. नऊ टेबलांना दोनच मुले का, हे कुणी विचारले नाही. शुल्क कशाचे, हेही विचारले नाही.

या लेखाचा रोख त्या उपाहारगृहावर जेवढा आहे त्याहून अधिक आमच्यावर आहे. मराठी मध्यमवर्गाला तक्रारीच्या दोनच भाषा येतात: वरच्याविषयी खासगीत विनोद आणि खालच्यावर उघड खेकसणे. समोरच्याला बरोबरीचा माणूस मानून, नेमक्या जबाबदार व्यक्तीला, नेमका दोष शांतपणे सांगण्याची तिसरी भाषा आपण घडवलीच नाही.

विनोदाचे आपल्याला कोण कौतुक! ग्राहकाचा अपमान करणारा दुकानदार हे आपण एक लाडके पात्र करून टाकले. पु. ल. देशपांडे यांच्या पुणेकरावर पिढ्यान्‌पिढ्या हसल्या, आम्हीही हसलो, आणि त्या हसण्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती त्या हसण्याआड लपण्याला. गैरसेवेचा किस्सा झाला की तिची दाद मागण्याची गरज उरत नाही. किस्सा सांगणाऱ्याला श्रोते मिळतात, मालकाला अभय मिळते.

आणि खेकसणे कुणाच्या वाट्याला येते? वाढणाऱ्या मुलाच्या. हॉटेलात राबलेल्या नारायण सुर्व्यांची कविता आम्ही वर्गात गहिवरून शिकवतो. तोच पोऱ्या टेबलाशी उभा राहिला की त्याचे नाव विचारण्याचेही आम्हाला सुचत नाही.

कुणी म्हणेल, एका जेवणाचा हा केवढा बाऊ! त्यांनी राज्यघटनेचा अनुच्छेद १५ (२) उघडून पाहावा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश करताना केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणावरून कुणालाही अडवता येणार नाही, असे तिथे मूलभूत हक्कांच्या प्रकरणात लिहिले आहे. जिथे माणसांना कपबशी वेगळी ठेवली जात होती त्या देशात उपाहारगृहाचे टेबल ही क्षुल्लक जागा नाही. तिथे कोण कुणाशी कसे बोलतो, हा नागरिकत्वाचाच प्रश्न आहे.

‘सेवा शुल्क’ या शब्दाकडेही भाषेच्या अध्यापकांनी जरा पाहावे. शुल्क म्हटले की ते सरकारी, अटळ वाटते. ते तसे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून सांगितले की उपाहारगृहांनी ते बिलात आपोआप लावू नये, दुसऱ्या नावानेही वसूल करू नये. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचनांना स्थगिती दिली. पण २८ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयाने त्या वैध ठरवल्या आणि उपाहारगृहचालकांच्या संघटनांच्या याचिका फेटाळल्या. बक्षिसी ही खाणाऱ्याच्या खुशीची गोष्ट. ती आधीच कापून घेतली की खुशीही जाते आणि सेवा सुधारण्याचे कारणही जाते. शिवाय त्या दहा टक्क्यांतले वाढणाऱ्याच्या हातात किती पडते, हे आमच्या बिलावर कुठेच नव्हते.

हे सारे त्या दिवशी तोंडातून का निघाले नाही? उत्तर आमच्याच हातांनी तपासलेल्या गठ्ठ्यांत आहे. तक्रार-अर्जाचे गुण आम्ही दिले ते दिनांक उजवीकडे आहे का, विषय अधोरेखित आहे का, शेवटी ‘आपला कृपाभिलाषी’ आहे का, हे पाहून. तक्रार करणाऱ्याने कृपेची अभिलाषा का धरावी, हे आम्ही कधी विचारले नाही, विद्यार्थ्यांनीही नाही. मसुदा शिकवला, मागणी करणे शिकवले नाही. मग महिन्याच्या पगाराची शाश्वती असलेल्या चार प्राध्यापकांना जे चार वाक्यांत बोलता आले नाही, ते आमच्या विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीच्या खिडकीशी किंवा रुग्णालयाच्या दाराशी कसे बोलावे?

ती चार वाक्ये अवघड नव्हती. ‘मागवलेले आले नाही. नऊ टेबलांना दोन माणसे पुरत नाहीत; दोष त्यांचा नाही, नेमणूक करणाऱ्यांचा आहे. सेवा शुल्क आम्ही देणार नाही, बिलातून काढा. या मुलाशी आम्ही चुकीचे बोललो, त्याची माफी मागतो.’

यातले चौथे वाक्य सर्वांत कठीण आहे. पुढच्या सत्रात तक्रार-अर्ज शिकवताना आम्ही तिथूनच सुरुवात करणार आहोत.