उलट्या धबधब्याचा वारा पवनचक्कीच्या पात्याला झेपतो का?

पाटण : पावसाळ्यात सडावाघापूरचा उलटा धबधबा बघायला झुंबड उडते. कड्यावरून पडणारं पाणी खालून येणारा वारा परत वर फेकतो. लोक रील काढतात आणि निघून जातात. पण हाच वारा पठारावरच्या पवनचक्क्यांच्या पात्यांनाही झोडपत असतो, तिकडं फारसं कुणाचं लक्ष नसतं.

आता ते द्यावं लागेल. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या पवनचक्क्यांसाठी सुधारित धोरण आणलं. २ मेगावॅटपेक्षा लहान यंत्रं त्यात बसतात. जुनं काढून मोठं उभं करायचं, नाहीतर तपासणी करून जुन्याचंच आयुष्य वाढवायचं, असे दोन रस्ते आहेत. वनकुसवडे, चाळकेवाडी भागातली बरीच यंत्रं वयानं आता तिथं पोचलीत.

खरी मेख पात्यात आहे. वाऱ्यात तळहात थोडा तिरका धरला तर तो वर उचलला जातो. जास्त तिरका केला की उचल संपते, हात नुसता मागं ढकलला जातो. यालाच इंजिनिअर ‘स्टॉल’ म्हणतात. जुन्या कित्येक यंत्रांत याचाच ब्रेक केलेला होता : वारा फार झाला की पातं आपोआप स्टॉल होणार. नव्या यंत्रात पातंच फिरवून कोन बदलतात.

वारा एकसारखा असेल तर हा हिशोब सोपा. झोत अचानक आला की गडबड होते. हवा पात्याला मर्यादेपेक्षा जास्त वेळ चिकटून राहते, जोर हिशोबापेक्षा वर जातो, मग पुढच्या कडेपासून भोवरा सुटतो आणि जोर एकदम पडतो. वाढ, पड, परत वाढ. तार वाकवून वाकवून तोडतात ना, तसंच पात्याच्या बुडाला होतं.

हे संगणकावर आधी काढता येतं, पण किती बरोबर? अमेरिकेत २००० साली १० मीटर व्यासाची पवनचक्की नासाच्या प्रचंड मोठ्या वाऱ्याच्या बोगद्यात फिरवली. तज्ज्ञांना उत्तर न सांगता आधी अंदाज मागवले. स्टॉलच्या वाऱ्यात कुणाचा वीजनिर्मितीचा अंदाज प्रत्यक्षाच्या ३० टक्के, तर कुणाचा २७५ टक्के! तेव्हापासून गणित बरंच सुधारलंय, हे मान्य. पण त्यात घातलेला वाराच चुकीचा असेल तर उत्तरही चुकणार.

आंतरराष्ट्रीय मानकात पवनचक्कीचं डिझाइन करताना वारा खालून वर जास्तीत जास्त ८ अंशांनी येतो असं धरतात. जिथं पाणी उलटं उडतं त्या कड्यावर ८ अंश पुरतील? पठाराच्या मधोमध मोजलेला वारा कड्यावरच्या यंत्राला लावणं म्हणजे एकाच्या मापाचे कपडे दुसऱ्याला शिवणं. शिवाय नवी यंत्रं मोठी. काहींच्या चाकाचा व्यास १४० मीटरच्या पुढं जातो, म्हणजे वरच्या आणि खालच्या टोकाला वाराच वेगळा.

म्हणून कंपनीचा माणूस संमतीचा कागद घेऊन आला की भाड्यासोबत आणखीही विचारावं. वारा नेमका कुठं मोजला? त्यात जून ते सप्टेंबर धरलेत का? कड्याचा कोन किती निघाला? जुनंच यंत्र ठेवणार असतील तर पात्याच्या बुडाची तपासणी कधी झाली? सातबाऱ्यावर भोईवाड्याला किंवा लालबागला राहणाऱ्या भावाचं नाव असेल, तर त्याला सही मागण्याआधी ही उत्तरं व्हॉट्सॲपवर पाठवावीत.