दहा पसंतीक्रम, एकच कटऑफ

अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश २०२५ पासून मुंबई-पुण्यासारख्या मोजक्या शहरांपुरते राहिले नाहीत, अख्ख्या राज्याला लागू झाले. गडचिरोलीतली मुलगीही आता दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम भरू शकते. तो कशाच्या आधारे भरायचा, एवढंच तिला कोणी सांगत नाही.

१. जागांचा तुटवडा नाही. २०२५ साली दहावी उत्तीर्ण झाले सुमारे १४.५ लाख आणि अकरावीच्या जागा होत्या २१ लाखांच्या घरात. तरी ठरावीक कॉलेजांवर झुंबड उडाली, बाकी कितीतरी तुकड्या रिकाम्या राहिल्या. पालकांच्या हाती कॉलेज जोखायचं एकच माप आहे, गेल्या वर्षीचा कटऑफ. त्यावरून कळतं ते इतकंच, की तिथे किती मार्कांची मुलं आली. आल्यावर त्यांना कोणी शिकवलं का, हे त्यातून कसं कळणार?

२. ही शंका उगाच नाही. 'इंटिग्रेटेड' नावाचा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे: नाव कॉलेजच्या पटावर, मूल दिवसभर खासगी क्लासमध्ये, जर्नल परीक्षेच्या तोंडावर पूर्ण करून घ्यायचं. बायोमेट्रिक हजेरीचे आदेश निघाले, धंदा थांबला नाही. जेईई-नीटवाल्यांना ही सोय वाटत असेल, आणि ती त्यांनी स्वतः निवडलेली असते. पण त्याच कॉलेजात मेरिटवर आलेली, क्लासची फी न परवडणारी मुलगी रोज वर्गात जाऊन बसते आणि शिकवायला कोणी येत नाही. तिची फसवणूक होते, तीही सरकारी यादीतून कॉलेज निवडून. म्हणून प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे चार गोष्टी छापा: शिक्षकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, तासिका तत्त्वावर किती, आणि प्रयोगशाळा कोणत्या विषयांच्या. शिक्षकांची आणि प्रयोगशाळांची माहिती शाळा-कॉलेजं दरवर्षी यू-डायसमध्ये भरतातच. ती अर्ज भरताना, मराठीत, समोर दिसली पाहिजे. संस्थाचालक कुरकुरतील. कुरकुरू देत.

३. अंतर. मोठ्या कॉलेजच्या नावाला भुलून चाळीस किलोमीटरवरचं कॉलेज घेतलं जातं आणि दिवाळीपर्यंत मूल थकतं. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, ही चांगलीच गोष्ट. पण प्रॅक्टिकल पाचला सुटत असेल आणि शेवटची गाडी साडेचारची असेल, तर त्या पासचा उपयोग काय? बसचं वेळापत्रक आणि वसतिगृहातल्या जागा यांची चौकशी कटऑफच्या आधी व्हावी. मुलीचं शिक्षण थांबतं तेव्हा कारण अनेकदा मार्क नसतात, रस्ता असतो.

४. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. म्हणजे नातेवाइकांना सांगायला बरं म्हणून पहिल्या क्रमांकावर नाव टाकायची सोय इथे नाही.

५. दहावीनंतर पॉलिटेक्निक आणि आयटीआयही आहे. डिप्लोमा केलेल्याला इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तरी शाळेत या वाटेचा उल्लेख होतो तो मार्क कमी पडलेल्या मुलाची समजूत काढताना. ज्याचे हात यंत्रात रमतात त्याला ८५ टक्के पडले, की त्याच्यापुढे ही वाट कोणी ठेवतच नाही.

६. हे सगळं सांगायचं कोणी आणि कधी? निकालानंतर नाही, तेव्हा घरात पेढे तरी असतात नाहीतर रडारड. जानेवारीत, दहावीच्या वर्गशिक्षकांनी. त्याच शाळेतून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या चार-पाच मुलांना एका शनिवारी बोलावलं, तरी कुठल्या कॉलेजात तास होतात हे तासाभरात कळेल. त्याला जीआर लागत नाही. आज तालुक्याच्या गावी अर्ज भरतो नेट कॅफेवाला: बाहेर रांग, मागे विचारत उभे वडील, आणि लॉगिनचा पासवर्ड त्याच्या वहीत. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, शाळेने सोडलेलं काम तो करतो. अर्जाच्या दिवसांत माध्यमिक शाळांनी आपली संगणक खोली उघडी ठेवावी, एक शिक्षक तिथे बसवावा, आणि माउस मुलांच्या हातात द्यावा.