डेंग्यूचा अंदाज बांधायला गेलेले विद्यार्थी महिनाभर एक्सेलच का साफ करत बसतात?

पावसाळा लागला की पुण्यात दोन बातम्या ठरलेल्या. एक खड्ड्यांची, दुसरी डेंग्यूची. दुसऱ्या बातमीत संशयित रुग्ण किती आणि निदान झालेले किती, असे दोन आकडे असतात. पण ते आकडे छापून येतात तोपर्यंत डास चावून झालेला असतो.

हेच दोन महिने आधी कळलं तर?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या, म्हणजे आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांचा एक अभ्यास ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध झाला. सोफिया याकोब आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या या अभ्यासानुसार पुण्यात तापमान २७ अंशांच्या वर, पावसाळ्यातली आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पाऊस मध्यम पण सारखा पडणारा असेल, तर डेंग्यू वाढतो. आठवड्याला १५० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर उलट कमी होतो, कारण अंडी-अळ्या वाहून जातात. या नात्यावरून डेंग्यूच्या मृत्यूंचा अंदाज दोन महिने आधी बांधता येतो. किती अचूक? शास्त्रज्ञांनी स्वतःच ‘मध्यम’ म्हटलंय. सलग, नीट नोंदवलेला डेटा मिळत नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलंय.

सध्या संख्याशास्त्र, डेटा सायन्स, सार्वजनिक आरोग्य अशा विषयांच्या विद्यार्थ्यांना ज्या कामासाठी इंटर्नशिप किंवा प्लेसमेंट हवी असते, ते हेच. रोगाचं मॉडेल बनवायचं आणि पुढचा अंदाज द्यायचा. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात काय होतं?

पहिला महिना: ‘हडपसर’ कसं लिहायचं?

विद्यार्थ्याच्या हातात बहुतेक वेळा रुग्णांची यादी येते. वय, पत्ता, लक्षणं कधी सुरू झाली, तपासणी कधी झाली, नोंद कधी झाली. त्यात हडपसर तीन प्रकारे लिहिलेलं असतं. एकच रुग्ण दोन दवाखान्यांतून दोनदा आलेला असतो. लक्षणांची तारीख रिकामी असते, किंवा सगळ्यांना एकच तारीख दिलेली असते, कारण टाइप करणाऱ्याने आठवड्याचा गठ्ठा एका बसणीत संपवलेला असतो. रविवारी रुग्ण कमी आणि सोमवारी एकदम जास्त दिसतात. सोमवारी डास जास्त चावतात असं नाही, रविवारी नोंद करणारं कुणी नसतं.

त्यात ‘डेंग्यूचा रुग्ण’ म्हणजे नेमका कोण, हाही प्रश्न आहेच. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये पट्टीवर होणारी रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी सरकारी हिशोबात निदान पक्कं व्हायला एलायझा चाचणी लागते. त्यामुळे घरच्यांच्या दृष्टीने डेंग्यू झालेला माणूस सरकारी यादीत ‘संशयित’ असू शकतो. मॉडेलला यातलं कोणतं खरं मानायचं, हे विद्यार्थ्याला कुणीतरी सांगावं लागतं. आणि हे सांगू शकणारा माणूस वर्गात नसतो, आरोग्य विभागात असतो.

मागच्या आठवड्याचा आकडा आज का वाढतो?

समजा मागच्या आठवड्यात ४० रुग्ण दिसतायत आणि त्याआधीच्या आठवड्यात ६०. साथ उतरली? कदाचित नाही. मागच्या आठवड्यातल्या आजारी लोकांचे बरेच रिपोर्ट अजून यायचेत. पंधरा दिवसांनी तोच आकडा ७० झालेला असतो. म्हणून पुढचा अंदाज देण्याआधी ‘आत्ता नेमकी स्थिती काय आहे’ याचाच अंदाज बांधावा लागतो. याला नाउकास्टिंग म्हणतात. त्यासाठी कोणत्या दवाखान्यातून रिपोर्ट यायला किती दिवस लागतात, हे माहीत हवं. सोशल मीडियावर ‘रुग्ण घटले’चे ग्राफ फिरतात, त्यातला शेवटचा उतार कित्येकदा या उशिरामुळेच असतो.

या सगळ्याची सुरुवात मुंबईच्या आकड्यांवर

साथींचं मॉडेल शिकताना विद्यार्थी सगळ्यात आधी जे समीकरण लिहितात, ते १९२७ चं आहे. लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि त्यातून बाहेर पडलेले असे लोकांचे तीन गट. विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी ते मांडलं, आणि पडताळून पाहायला वापरले मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचे आकडे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ चे. मृत्यूंच्या त्या नोंदी नसत्या तर पेपरमधला तो प्रसिद्ध आलेख निघाला नसता. गंमत म्हणजे प्लेग उंदीर-पिसवांमधून पसरतो, हे त्या साध्या मॉडेलमध्ये नव्हतं, तरी रेषा आकड्यांवर छान बसली. रेषा बसली म्हणजे कारण कळलं असं नाही, हा धडा पहिल्याच उदाहरणात दडलाय.

पुढेही लोक आपटलेच. गूगलने २००८ मध्ये लोकांच्या सर्चवरून फ्लूचा अंदाज सांगणारी सेवा आणली. २०१२-१३ च्या हंगामात तिने दाखवलेला फ्लू प्रत्यक्षापेक्षा जवळपास दुप्पट निघाला आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. आपल्याकडे ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारी समितीच्या ‘सुपरमॉडेल’ने सांगितलं होतं की, काळजी घेतली तर फेब्रुवारी २०२१ अखेरपर्यंत कोविड आटोक्यात येईल. हेडलाइनमधून ‘काळजी घेतली तर’ गळून गेलं. मे २०२१ मध्ये देशात दिवसाला चार लाखांहून जास्त रुग्ण सापडत होते.

आणि इंग्लंडमध्ये तर एक्सेलच नडलं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ओळी संपल्या आणि कोविडचे १५,८४१ रुग्ण आकडेवारीतून गळाले. त्यांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेत फोनच गेले नाहीत. एक्सेल साफ करणं हलकं काम वाटणाऱ्या विद्यार्थ्यांना हा किस्सा आधी सांगायला हवा.

मग अडतंय कुठे?

हुशार विद्यार्थी आहेत, लॅपटॉप आहेत, कोड फुकट मिळतो. अडतं ते डेटापाशी. आयआयटीएमचा अभ्यास पुण्यावर झाला कारण पुण्याचा आरोग्य डेटा मिळाला. इतर ठिकाणांचाही मागितला होता, पण आरोग्य विभागांकडून सहकार्य मिळालं नाही, असं कोल यांनी तेव्हा जाहीरपणे सांगितलं होतं.

विभागांची भीती अगदीच खोटी नाही. यादीत नाव, फोन, पत्ता असतो, आणि २०२३ पासून डेटा संरक्षणाचा कायदा आहे. पण अंदाजासाठी नाव लागतच नाही. आठवडा, प्रभाग, वयोगट आणि रुग्णसंख्या एवढं पुरतं. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून चालू आहे, त्याचं ऑनलाइन पोर्टल २०२१ मध्ये आलं. म्हणजे गोळा होत नाही असं नाही. गोळा झालेलं वापरायला बसणारी माणसं जिल्ह्यात कमी आहेत. अमेरिकेत २०१३-१४ पासून सीडीसी विद्यापीठांच्या टीमना फ्लूच्या अंदाजाच्या स्पर्धेत उतरवते. सगळ्यांना सारखाच डेटा, अंदाज आधी जमा करायचा, नंतर प्रत्यक्ष आकड्याशी ताडायचा. आपल्याकडे एखाद्या महापालिकेला डेंग्यूसाठी एवढं जमणार नाही, असं मानायला काही कारण नाही.

खरी गोची वेळापत्रकाची आहे. शेवटच्या सेमिस्टरची इंटर्नशिप साधारण जानेवारी ते जून. दोन महिने आधीचा इशारा द्यायचा, तर ऑगस्टचा अंदाज जूनमध्ये हातात हवा, म्हणजे वॉर्डातले कर्मचारी टाक्या, कुंड्या, टायर, बांधकामांवरचं साठलेलं पाणी पावसाच्या सुरुवातीलाच तपासू शकतील. नंतर धूर फवारून उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. पण जूनमध्ये विद्यार्थी प्रेझेंटेशन देतो, सर्टिफिकेट घेतो आणि जातो. ऑगस्टमध्ये अंदाज बरोबर आला की चुकला, हे पाहायला तो तिथे नसतो, आणि त्याची फाइल त्याच्याच लॅपटॉपवर असते. पुढच्या जानेवारीत नवी मुलगी रुजू होते आणि हडपसरच्या तीन स्पेलिंगपासून पुन्हा सुरुवात करते.