दिग्दर्शकाची खुर्ची

शाळेचं गॅदरिंग आलं की पारोळ्यात झाशीची राणी व्हायला दहा मुली तयार. असणारच, लक्ष्मीबाईंच्या माहेरच्या तांबे घराण्याचं हे गाव! पण नाटक बसवणार कोण, असं विचारलं की सगळ्या माना सरांकडे वळतात. बाईंकडे वेणीफणी नि मेकअप.

म्हणून विजया मेहतांची आठवण काढावीशी वाटते. १९६० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘रंगायन’ उभी केली, तेव्हा वय जेमतेम पंचविशीचं. पुढे पहिले पती हरिन खोटे अकाली गेले, पदरी दोन लहान मुलं. तरी बाईंची तालीम सुटली नाही. १९८५ मध्ये त्यांनी बसवलेलं ‘वाडा चिरेबंदी’ विदर्भातलं, पण अंगणातल्या गंजक्या ट्रॅक्टरसकट आपल्याच गल्लीतलं वाटावं असं. नंतर मुंबईच्या एनसीपीएचा कारभारही त्यांनी कित्येक वर्षं पाहिला.

नटाला ‘हे चुकलं, पुन्हा कर’ म्हणायला अधिकार लागतो. तो तालमीतच मिळतो. आणि आपल्याकडच्या हौशी मंडळांच्या तालमी रात्री नऊनंतर, पुरुषांची जेवणं झाल्यावर! बायकांची भांडी तेव्हा कुठे घासायला निघालेली असतात. मैत्रिणींनो, यंदा तालीम दुपारी तीनला ठेवायला सांगून तर बघा.