महान कोण, हे ठरण्याआधी

डहाणू रोडहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकलमध्ये जून-जुलैत, फ्रेंच ओपन आणि विम्बल्डनच्या दिवसांत, मोबाइलवर सामने पाहणारे चार प्रवासी एकत्र आले की एक वाद हमखास रंगतो. फेडरर मोठा, नदाल मोठा की जोकोविच? आकडे तोंडपाठ असतात. जोकोविचची ग्रँड स्लॅम विजेतेपदे २४, नदालची २२, फेडररची २०. नदालने एकट्या पॅरिसमध्ये १४ वेळा चषक उचलला. जोकोविच ४२८ आठवडे जागतिक क्रमवारीत पहिला राहिला. आता त्यात अल्काराझ आणि सिनर यांची भर पडली आहे. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांतली आठही ग्रँड स्लॅम विजेतेपदे या दोघांनी वाटून घेतली, प्रत्येकी चार. विरार आले तरी वाद मिटत नाही.

वाद गमतीचा आहे आणि तो चालू राहावा. पण हे आकडे नेमके काय मोजतात, हा प्रश्न त्यात सहसा कोणी विचारत नाही. कोणत्याही मोजमापात दोन गोष्टी पाहाव्या लागतात. काय मोजले ही एक, आणि कितीजणांमधून मोजले ही दुसरी. टेनिसच्या चर्चेत पहिलीचा कीस काढला जातो, दुसरी सुटून जाते.

ऑस्ट्रेलियाच्या रॉड लेव्हरचे उदाहरण घ्या. १९६२ आणि १९६९ अशा दोन वर्षी त्याने चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या. पुरुष एकेरीत हा पराक्रम दोनदा करणारा तो एकमेव. तरी त्याच्या नावावर विजेतेपदे ११ च दिसतात. कारण १९६३ ते १९६७ अशी ऐन भरातली पाच वर्षे तो या स्पर्धांत उतरूच शकला नाही. तो व्यावसायिक झाला होता आणि १९६८ पर्यंत व्यावसायिकांना तिथे प्रवेश नव्हता. अंगातला खेळ तोच होता, दार बंद होते. जोकोविचच्या २४ शी त्याच्या ११ ची तुलना करताना ही पाच वर्षे कुठे मांडायची? शिवाय त्या काळी चारपैकी तीन स्पर्धा हिरवळीवर आणि रॅकेट लाकडाच्या. विम्बल्डनने २००१ मध्ये गवताचे मिश्रण बदलले, त्यानंतर तिथे चेंडू अधिक खात्रीने उसळी घेऊ लागला आणि मागच्या रेषेवरून खेळणाऱ्यांना ते मैदान मानवू लागले. म्हणजे विजेतेपदांच्या आकड्यात खेळाडूच्या गुणांबरोबर काळ, मैदान, साधने आणि प्रवेशाचे नियम एवढे सगळे मिसळलेले असते.

दुसरा गैरसमज स्पर्धेविषयी आहे. ‘नदाल नसता तर फेडररने तीस जिंकल्या असत्या’ असे म्हणणारे प्रतिस्पर्ध्याला निव्वळ अडथळा समजतात. शरीर आणि मेंदू कौशल्य कसे शिकतात, याचे शास्त्र वेगळे सांगते. फारच सोप्या सामन्यात चूक होत नाही, म्हणून दुरुस्त करायला काही मिळत नाही. फारच अवघड सामन्यात इतक्या चुका होतात की कोणती दुरुस्त करायची हे कळत नाही. शिकणे सर्वाधिक होते ते आपल्याहून थोड्या सरस किंवा बरोबरीच्या खेळाडूशी पुन्हा पुन्हा गाठ पडली की.

फेडरर-नदाल हे त्याचे ठळक उदाहरण. नदालच्या फटक्यावर चेंडू मिनिटाला सरासरी ३२०० च्या आसपास गिरक्या घेई आणि टप्पा पडला की फेडररच्या बॅकहँडला खांद्याच्या उंचीवर उसळे. २०१६ अखेरपर्यंतच्या ३४ सामन्यांत नदालने २३ जिंकले. दरम्यान, २०१४ पासून फेडरर मोठ्या पृष्ठभागाची रॅकेट वापरू लागला आणि पुढे चेंडू वर चढण्याआधीच बॅकहँडने घेऊ लागला. २०१७ मध्ये दोघे चारदा भेटले आणि चारही वेळा फेडरर जिंकला, वयाच्या पस्तिशी-छत्तिशीत. नदाल नसता तर हा बॅकहँड जगाने पाहिलाच नसता. अल्काराझ-सिनर यांचेही तेच. २०२५ मध्ये पॅरिसच्या अंतिम फेरीत सिनरने हाती आलेले तीन विजयी गुण गमावले आणि ५ तास २९ मिनिटांनी तो हरला. पाच आठवड्यांनी विम्बल्डनच्या अंतिम फेरीत त्याने त्याच अल्काराझला हरवले आणि सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला अल्काराझने परतफेड केली. एकमेकांमुळे दोघे वर चढत आहेत.

थोडक्यात, महानता घडायला दोन अटी लागतात. दारातून आत येता आले पाहिजे आणि आत बरोबरीचे प्रतिस्पर्धी वारंवार भेटले पाहिजेत. या दोन अटी डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवर लावून पाहिल्या की लोकलमधला वाद वेगळ्या जागी जाऊन पोहोचतो.

पहिले दार जन्माच्याही आधी असते. गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या सुमारे एक हजार दिवसांत उंची, स्नायू आणि मेंदूची पायाभरणी होते. या काळात खुंटलेली उंची पुढे पूर्ण भरून निघणे कठीण असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. ही राज्याची सरासरी आहे. आदिवासी तालुक्यांत ओझे याहून जड असते, हे आरोग्य खात्यापासून अंगणवाडी सेविकेपर्यंत सगळे जाणतात.

रक्तक्षयाचा मैदानाशी संबंध थेट आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ ऐवजी ८ आहे, तिचे रक्त एका फेरीत एक तृतीयांश कमी प्राणवायू पोहोचवते. कबड्डीत ती लवकर दमते आणि मास्तर म्हणतात, ‘हिच्यात दम नाही.’ दम तिच्यात असतो, लोह नसते. आदिवासी भागात याच्या जोडीला सिकलसेलचा प्रश्न आहे. त्याची चाचणी आयुष्यात एकदा नीट झाली तरी पुरते. केवळ वाहक असलेली बहुतेक मुले पाणी, विश्रांती आणि उन्हाची काळजी घेऊन खेळू शकतात. आजार असलेल्या मुलांना मात्र डॉक्टरांचा सल्ला घेऊनच मैदानावर उतरवायला हवे. चाचणीच झाली नसेल तर यातले काहीच कळत नाही.

दुसरे दार वयाचे. वयोगटांच्या स्पर्धांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले जास्त निवडली जातात, हे १९८० च्या दशकात कॅनडाच्या आइस हॉकीत प्रथम दिसले आणि पुढे टेनिससह अनेक खेळांत आढळले. दहा-अकरा महिन्यांनी मोठे मूल अधिक उंच आणि दणकट असते, म्हणून प्रशिक्षकाला ते ‘गुणी’ वाटते. आता ग्रामीण महाराष्ट्रातली शाळेची जुनी हजेरीपुस्तके आठवा. जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. ज्याचे खरे वयच कागदावर नाही, त्याच्या गुणांची वयाप्रमाणे पारख कशी व्हायची?

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. हलाखीतूनही खेळाडू घडतात की! १९९९ मध्ये बेलग्रेडवर बाँब पडत असताना अकरा-बारा वर्षांचा जोकोविच सराव करतच होता. अर्जेंटिनाचा दिएगो श्वार्ट्झमन जेमतेम १७० सेंटिमीटर उंचीचा, तरी तो जगात आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. खरे आहे. पण जोकोविचच्या आईवडिलांच्या पिझ्झाच्या दुकानासमोर टेनिसचे कोर्ट होते आणि येलेना गेन्चिच यांच्यासारख्या जाणत्या प्रशिक्षिकेने त्याला लहानपणीच हेरले. हाल होते, तरी दार उघडे होते. आणि हलाखीतून वर आलेले आपल्याला दिसतात, अडकून राहिलेले दिसत नाहीत. जिंकलेल्यांकडे पाहून ‘जिद्द असली की पुरे’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे किनाऱ्याला लागलेल्यांना विचारून समुद्र सुरक्षित ठरवणे.

डहाणू-तलासरीत दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर निघतात. गडी माणसे खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. आईबापांबरोबर गेलेले मूल अंगणवाडीच्या वजनकाट्यावरून, शाळेच्या पटावरून आणि मैदानावरूनही एकदमच उतरते. जे आश्रमशाळेत राहते, त्याच्या वाट्याला वर्षाकाठी एक मोठी संधी येते, ती म्हणजे क्रीडा स्पर्धा. शालेय सांघिक स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. पहिल्याच सामन्यात हरलेल्या संघाची स्पर्धा तासाभरात संपते, चुका दुरुस्त करायला पुढचे वर्ष उजाडावे लागते. फेडररला नदाल चाळीस वेळा भेटला. तलासरीच्या कबड्डीपटूला त्याचा नदाल वर्षातून एकदा भेटतो, तोही भेटला तर.

यावर उपाय शोधायला पॅरिसला जाण्याची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात आणि धाकटी भावंडे सांभाळतात, हे त्यांनी पाहिले. मग त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात आणि गुरांच्या कुरणात नेली. संधीपर्यंत मूल येत नसेल तर संधीने मुलापर्यंत जायचे, हा डहाणू तालुक्याने देशाला दिलेला धडा आहे. तो खेळालाही लागू पडतो.

म्हणजे पाड्यापाड्यावर टेनिस कोर्ट बांधा, असे नव्हे. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आदिवासी भागात आहे. तो आहार खंड न पडता आणि पुरेसा मिळाला, तर पहिले दार उघडते. अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीही नीट मोजली जावी. खेळाच्या निवडीआधी प्रत्येक मुलाचे हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासले जावे आणि दोष निघाल्यास वगळण्याऐवजी उपचार व्हावेत. आणि बाद स्पर्धेच्या जोडीला जवळच्या चार-सहा आश्रमशाळांनी दर पंधरवड्याला आपसात साखळी सामने खेळावेत. त्याला मैदान, पंच आणि प्रवासाचा खर्च एवढेच लागते. यातून महान खेळाडू निघेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. मुलांचे रक्त सुधारेल, उंची वाढेल आणि हरल्यावर पुन्हा उभे राहण्याची सवय लागेल, एवढे मात्र नक्की.

फेडरर, नदाल की जोकोविच, हा वाद लोकलमध्ये चालू राहील. त्याचे उत्तर काहीही निघो, ते दारातून आत आलेल्यांपुरतेच असेल. सर्वांत मोठा खेळाडू कोण, हे खात्रीने सांगायचे असेल तर आधी सर्वांना खेळता आले पाहिजे.