बुद्धिबळाच्या पटाभोवती तीन बहिणी

जुन्या युरोपात मुले इतकी मरत की घरच्यांनी एकमेकांत जीव गुंतवलाच नाही. भावंडांचा जिव्हाळा चित्रांत अवतरला तो अठराव्या शतकात, त्याआधीची व्यक्तिचित्रे म्हणजे वंशावळीची रंगीत पाने. हे मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते आणि आधार म्हणून फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराचा १९६० चा ग्रंथ पुढे केला जातो. गंमत अशी की, बालपणाची कल्पना नसणे म्हणजे मुलांविषयी माया नसणे नव्हे, असे आरिएसने त्याच ग्रंथात बजावले आहे. त्याचा हवाला देणारे सहसा तिथवर पोहोचत नाहीत.

पोलंडमधील पोझ्नानच्या राष्ट्रीय संग्रहालयातील एक चित्र या मताला पुरेसे उत्तर आहे. इटलीतील क्रेमोना येथे १५५५ साली सोफोनिस्बा अंग्विसोला हिने आपल्या तीन धाकट्या बहिणी बुद्धिबळ खेळताना रंगवल्या. लुचिया पटावर हात ठेवून चित्राबाहेर, रंगवणाऱ्या थोरल्या बहिणीच्या दिशेने पाहते. समोरच्या मिनर्व्हाने हात उंचावला आहे. ती तक्रार की शरणागती, कोण सांगणार! मधल्या चिमुरड्या एउरोपाला मात्र तिची फजिती पाहून हसू आवरत नाही. कडेला घरची वृद्ध दासी डोकावते आहे. येथे कोणी कोणाला मिठी मारलेली नाही. चिडवाचिडवी चालली आहे, आणि इतक्या मोकळेपणाने चिडवता येते ते आपल्याच माणसाला.

भरजरी वस्त्रे, दागिने, पटाखालचा किमती गालिचा हे सारे कुळाची प्रतिष्ठा मिरवते, हे खरेच. थोरलीची कला जाणत्यांपर्यंत पोहोचावी म्हणून वडील आमिल्कारे यांनी पुढे थेट मायकेलअँजेलोला पत्रे लिहिली. पण प्रतिष्ठेसाठी धाकटीच्या त्या हसण्याची गरज नव्हती. ते टिपले गेले, कारण टिपणारी त्याच घरातली होती. पटाच्या कडेवर तिने लॅटिनमध्ये तशी नोंदही केली: आमिल्कारेच्या मुलीने आपल्या तीन बहिणी आणि दासी यांना प्रत्यक्ष पाहून रंगवले.

हा पुरावा डोळ्यांसमोर असताना शतकानुशतकांच्या भावंडांना हृदयशून्य ठरवणे हा इतिहास नव्हे, वर्तमानाचा उद्धटपणा आहे.

जोर्जो वासारी १५६६ साली क्रेमोनाला गेला, तेव्हा सोफोनिस्बा स्पेनच्या दरबारी होती. लुचिया निवर्तली होती. चित्र वडिलांच्याच घरी होते.