विश्लेषण : सोळाव्या वर्षी स्टेरॉइड घेतल्याने नेमके काय बिघडते?

२६ सप्टेंबर २०२३. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर दिल्ली राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. पुरुषांच्या १०० मीटर शर्यतीच्या अंतिम फेरीसाठी आठ धावपटू पात्र ठरले होते. प्रत्यक्षात धावला एकच. राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेचे, म्हणजे ‘नाडा’चे अधिकारी मैदानावर आल्याची खबर पसरली होती आणि बाकीच्यांना अचानक गोळे आले, स्नायू दुखावले. कनिष्ठ गटातील स्टीपलचेसची एक मुलगी अंतिम रेषा ओलांडल्यावरही थांबली नाही. नमुना घ्यायला आलेल्या अधिकाऱ्याला तिच्यामागे पळावे लागले. स्टेडियमच्या स्वच्छतागृहात पडलेल्या सिरिंजची चित्रफीत त्याआधीच समाजमाध्यमांवर फिरत होती.

बातमी वाचून बरेच जण हसले. हसण्यासारखे होतेही. पण त्या मुलीच्या गटाकडे पुन्हा पाहिले की हसू विरते. ज्या वयात शरीर आपणहून दर महिन्याला बदलत असते, त्या वयातली मुले बाटलीतल्या ताकदीपर्यंत पोहोचली आहेत. २०२४ मध्ये जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने (‘वाडा’) अल्पवयीन खेळाडूंबाबतचा दहा वर्षांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात दोषी नमुन्यांच्या संख्येत रशियाखालोखाल भारताचा क्रमांक होता.

स्टेरॉइड वाईट, हे सगळ्यांनाच ठाऊक असते. तरीही मुले घेतात, कारण ‘वाईट’ म्हणजे काय आणि ते नेमके याच वयात का जास्त वाईट, हे त्यांना कोणी नीट सांगत नाही.

कोणते स्टेरॉइड?

आधी एक गोंधळ दूर करू. दम्यासाठी, ॲलर्जीसाठी किंवा संधिवातासाठी डॉक्टर जे स्टेरॉइड देतात ते वेगळे. त्याने स्नायू वाढत नाहीत आणि हा लेख वाचून कोणी आपला इनहेलर बंद करू नये. (स्पर्धेत उतरणाऱ्याने मात्र तेही नाडाच्या नियमात बसते का, हे विचारून घ्यावे.) इथे चर्चा आहे ती ॲनाबॉलिक स्टेरॉइडची, म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या कृत्रिम भावंडांची. नँड्रोलोन, स्टॅनोझोलोल, मेथँडायनोन ही त्यातली नेहमी सापडणारी नावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. जिममध्ये ती ‘कोर्स’ किंवा ‘सायकल’ या नावाने मिळतात.

दुसरा गोंधळ मेफेंटरमाइनचा. गेल्या काही वर्षांत राज्यात ठिकठिकाणी पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनाने या इंजेक्शनचे साठे पकडले. मुले त्यालाही स्टेरॉइडच म्हणतात. ते स्टेरॉइड नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर खाली गेलेला रक्तदाब वर आणण्याचे ते औषध आहे. ज्याचा रक्तदाब मुळात ठीक आहे अशा पोराने व्यायामाआधी ते टोचून घेतले, तर हृदयावर काय ताण येत असेल हे समजायला वैद्यकीय पदवी लागत नाही.

त्याचा उपयोग होतो का?

होतो. हे मान्य केल्याशिवाय पुढचे बोलण्यात अर्थ नाही, कारण शेजारच्या पोराचे दंड दोन महिन्यांत फुगलेले मुलाने स्वतः पाहिलेले असतात. १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चाळीसेक निरोगी पुरुषांवर दहा आठवडे निरीक्षण झाले. नुसता व्यायाम करणाऱ्यांचे चरबीविरहित वजन साधारण दोन किलोने वाढले. व्यायामासोबत टेस्टोस्टेरॉनचे मोठे डोस घेणाऱ्यांचे सहा किलोने.

हा आकडा जिममध्ये पाठ असतो. त्या प्रयोगातले पुरुष १९ ते ४० वर्षांचे होते, ही गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. त्यांची उंची वाढून संपलेली होती, डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता. सोळा वर्षांच्या मुलावर असा प्रयोग करायला कोणतीही नीतिमत्ता समिती परवानगी देणार नाही. तो प्रयोग आपल्याकडे तालुक्याच्या गावी, एका ओळखीच्या ‘सरांच्या’ भरवशावर चालू आहे.

मग या वयात वेगळे काय घडते?

पहिला घाव उंचीवर. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक पट्टा असतो, त्याला डॉक्टर ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथे नवे हाड तयार होत राहते म्हणून मूल उंच होते. मुलींमध्ये साधारण १४ ते १६ आणि मुलांमध्ये १६ ते १८ वर्षांच्या आसपास हा पट्टा मिटतो. तो मिटवण्याचा निरोप हाडांना देतो तो मुख्यतः इस्ट्रोजेन, मुलांमध्येसुद्धा. बाहेरून टोचलेल्या जादा टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्येच बदलते. त्यामुळे हाडांना वाटते, वाढ संपवायची वेळ झाली. पट्टा मिटतो आणि एकदा मिटला की जगातले कोणतेही औषध तो पुन्हा उघडत नाही. कार्बाइडने पिकवलेल्या आंब्यासारखी गत होते. रंग चढतो, पण आतली वाढ जिथे थांबली तिथेच थांबते.

यातला विरोधाभास कडू आहे. पोलीस भरतीसाठी तयारी करणारी पोरे पंधरा-सोळाव्या वर्षापासून मैदानावर असतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना किमान उंची लागते १६५ सेंटिमीटर. ज्याची मूळची वाढ १६७ पर्यंत गेली असती, त्याने भरतीसाठीच घेतलेले औषध त्याला १६३ वर अडवू शकते. गोळाफेकीतले गुण वाढवायला गेला आणि मोजपट्टीखालीच बाद झाला.

दुसरा घाव दिसत नाही. वृषणांनी किती टेस्टोस्टेरॉन बनवायचे हे मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी ठरवते. रक्तात भरपूर साठा दिसला की ती ‘पुरे’ म्हणते. मग घरचा कारखाना बंद पडतो, वृषण आकसतात, शुक्राणूंची संख्या घसरते. प्रौढ पुरुषातही औषध सोडल्यावर हे सगळे पूर्ववत व्हायला महिने लागतात, काहींना वर्षाहून अधिक. किशोरवयात तर हा कारखाना नुकता सुरू होत असतो. पंधरा-सोळाव्या वर्षी निसर्ग मुलाला फुकट जो ‘कोर्स’ देत असतो, तोच बंद पाडून तो पैसे देऊन विकत घेतो, असा हा व्यवहार आहे. आणि याच काळात मुलाच्या छातीवर गाठ येऊ लागते. इस्ट्रोजेनचाच हा दुसरा प्रताप. ती बऱ्याचदा शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. लाजेने मुले घरी सांगत नाहीत, सैल शर्ट घालू लागतात.

तिसरी गोष्ट प्रशिक्षकांना चांगली कळेल. स्नायू झपाट्याने वाढतो, पण त्याला हाडाशी बांधणारा स्नायुबंध त्या वेगाने मजबूत होत नाही. जोर-बैठका आणि मेहनतीने जी ताकद तीन-चार वर्षांत येते, तिच्याबरोबर सांधेही तयार होत असतात. दहा आठवड्यांत आलेल्या ताकदीला ते धरून ठेवू शकत नाहीत. ‘अचानक खांदा गेला’ म्हणून खेळ सुटलेल्या किती पोरांच्या मागे हे कारण होते, याची नोंद कुठेच नसते.

बाकीची यादी थोडक्यात. चांगले कोलेस्टेरॉल घटते, वाईट वाढते, रक्तदाब चढतो, रक्त घट्ट होते, हृदयाची भिंत जाड होते. तोंडावाटे घ्यायच्या बहुतेक गोळ्या यकृताला बाधतात. चेहऱ्यावर-पाठीवर मुरुमे, अकाली टक्कल. स्वभावात चिडचिड, आणि औषध थांबले की खोल उदासी. दीर्घकाळ वापरणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांना त्याची सवय लागते, असा संशोधकांचा अंदाज आहे. बाटली बनावट असेल आणि सुई चौघांत एक असेल, तर कावीळ किंवा एचआयव्हीचा धोका आणखी वेगळा.

मुलींचे काय?

इथे एका माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. पूर्व जर्मनीत १९७४ पासून सरकारी योजना म्हणून खेळाडूंना उत्तेजके दिली जात. हजारो खेळाडूंना, त्यात शाळकरी मुलींनाही. निळ्या गोळ्या ‘जीवनसत्त्वे’ आहेत असे सांगितले जाई. ते ओरल टुरिनाबॉल हे स्टेरॉइड होते. बर्लिनमधील हायडी क्रिगर या गोळाफेकपटू मुलीला ती सोळाव्या वर्षापासून मिळू लागली. १९८६ मध्ये स्टुटगार्टला तिने युरोपीय अजिंक्यपद जिंकले. तोवर आवाज फाटला होता, अंगावर केस आले होते, सांध्यांची आणि पाठीची दुखणी मागे लागली होती. १९९७ मध्ये तिने लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतली आणि आंद्रेयास हे नाव घेतले. आपल्या लिंगओळखीबद्दल आधीपासून संभ्रम होता, पण तो निर्णय आपला आपण घ्यायची संधी त्या गोळ्यांनी हिरावली, असे क्रिगर यांचे म्हणणे आहे. २००० साली बर्लिनच्या न्यायालयात पूर्व जर्मन क्रीडा खात्याचे प्रमुख मानफ्रेड एवाल्ड दोषी ठरले. शिक्षा झाली २२ महिन्यांची, तीही स्थगित.

मुलींमध्ये बदललेला आवाज औषध सोडल्यावरही बहुधा परत येत नाही. मासिक पाळी थांबणे हे पहिले लक्षण असते आणि ‘मेहनतीमुळे होते’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते.

पकडले गेले तर?

२०२४ मध्ये भारतात ७,११३ चाचण्या झाल्या, त्यांपैकी २६० नमुन्यांत बंदी असलेले पदार्थ आढळले. प्रमाण ३.६ टक्के, मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत सर्वाधिक. चाचण्या वाढल्या म्हणून आकडा वाढला, असे क्रीडा यंत्रणा सांगते. त्यात तथ्य आहे, पण टक्केवारीला ते स्पष्टीकरण पुरत नाही. स्टेरॉइड जाणूनबुजून घेतल्याचे ठरले तर बंदी चार वर्षांची. सोळाखालील आणि काही अटींवर अठराखालील मुलांना नियमांत सवलत मिळू शकते. सतराव्या वर्षी ती मिळाली नाही, तर खेळाडू एकविसाव्या वर्षी मोकळा होतो. तोवर त्याच्या वयाचे सगळे पुढे गेलेले असतात.

‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर इथे फारसे चालत नाही. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल आणि ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ४ बाय ४०० मीटर रिलेचे सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय चमूतील तिघी, अश्विनी अक्कुंजी, मनदीप कौर आणि सिनी जोस, २०११ मध्ये स्टेरॉइड चाचणीत सापडल्या. युक्रेनच्या प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगमधून ते आले, असे त्यांनी सांगितले. भारतात एक वर्षाची बंदी झाली. लोझानच्या क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली.

महाराष्ट्राला नरसिंग यादव यांचे प्रकरण जास्त जिव्हारी लागलेले आहे. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी ठरलेला हा मल्ल २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर मेथँडायनोनसाठी दोषी आढळला. आपल्या अन्न-पेयात कोणीतरी कालवले, हा त्यांचा दावा नाडाच्या समितीने मान्य केला. वाडाने मात्र दाद मागितली आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी रिओतच लवादाने कटाचा पुरावा पुरेसा नसल्याचे सांगून चार वर्षांची बंदी घातली. सत्य काहीही असो, शरीरात सापडले की सिद्ध करण्याचा भार खेळाडूवर येतो, हे त्या दिवशी राज्यातल्या प्रत्येक तालमीला कळले.

घाई कोणाची?

मुलाच्या हट्टाला दोष देणे सोपे आहे. पण शासकीय नोकरीतले पाच टक्के खेळाडू आरक्षण, दहावी-बारावीचे वाढीव गुण, भरतीतले शंभर मीटर आणि गोळाफेक, या सगळ्याचा दबाव त्याच्या आधी घरावर आणि अकादमीवर असतो. दोन एकर शेती असलेल्या बापाने कर्ज काढून फी भरलेली असते. अकादमीला फलकावर लावायला निकाल हवा असतो. भरतीच्या मैदानात नाडाही नसते. अशा वेळी ‘एक कोर्स मार, नंतर सोडून दे’ हा सल्ला पोराला व्यवहार्य वाटतो. तो देणाऱ्या प्रौढाचे नाव मात्र बंदीच्या यादीत क्वचितच येते. आमच्या मते राज्याच्या क्रीडा खात्याने अल्पवयीन खेळाडू दोषी ठरला की चौकशी आधी त्याच्या प्रशिक्षकाची आणि पुरवठादाराची करावी. भरतीपूर्व अकादम्यांची नोंदणी आणि तपासणी हे तर केव्हाच व्हायला हवे होते.

दरम्यान घरात एवढे पाहता येईल : पावडरच्या डब्यावर परवाना क्रमांक आहे का, ‘सर’ कोणती सुई देतात, दिलेले औषध नाडाच्या ‘नो युवर मेडिसिन’ या ॲपवर कसे दिसते. महिन्याभरात सहा-सात किलो वजन वाढले आणि खुराक तोच असेल, तर कौतुकाआधी प्रश्न विचारावा.

आधीच सुरू केले असेल तर?

एकट्याने, मित्राच्या सल्ल्याने उतारा शोधू नये. त्यासाठीही बाजारात गोळ्या विकल्या जातात आणि त्यांनी गुंता वाढतो. संप्रेरकतज्ज्ञ किंवा निदान फिजिशियनला गाठून काय, किती, किती दिवस घेतले ते खरे सांगावे. डॉक्टर रक्तदाब, यकृत, कोलेस्टेरॉल, संप्रेरके आणि हृदयाची तपासणी करतील. वाढते वय असेल तर मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांची वाढ किती उरली आहे तेही कळते. औषध थांबल्यानंतरचे पहिले काही आठवडे मन खचलेले असते, म्हणून घरातल्या एकाला तरी हे ठाऊक असले पाहिजे. मुलगा गप्प झाला, झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो. तिथे मराठीत बोलता येते.